जुनी गाडी, तरुण मालक : गंगापूर तालुक्यातील मोटारविम्याचा इतिहास

भारतात मोटारविम्याचा हप्ता ठरताना पहिला प्रश्न गाडीबद्दल विचारला जातो. इंजिन किती सीसीचे, गाडी कोणत्या साली बनली, तिची आजची किंमत काय, नोंदणी कोणत्या गावची? गाडी चालवणाऱ्याचे वय हा प्रश्न बराच काळ या हिशेबात जवळजवळ नव्हताच. ब्रिटनमध्ये हेच उलटे आहे. तिथे अठरा-वीस वर्षांच्या चालकाला त्याच गाडीसाठी वडिलांपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात, आणि जुनी हौसेची गाडी घेऊन हप्ता कमी ठेवण्याची धडपड हा तिथल्या तरुणांचा नेहमीचा विषय आहे. गंगापूर तालुक्यात आजोबांची फियाट, वडिलांची चेतक स्कूटर किंवा शेतावरची जीप हाती आलेल्या मुलाला वय आड येत नाही. त्याची अडचण दुसरी असते : जुन्या गाडीची किंमत कुणी ठरवायची आणि मोडली तर भरपाई किती मिळायची. ही अडचण कशी तयार झाली हे समजण्यासाठी विम्याच्या कायद्यांचा माग गोदावरीच्या काठापासून घ्यावा लागतो.

गंगापूर तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. अहमदनगरकडून औरंगाबादकडे येणारा रस्ता कायगाव टोक्याजवळ, प्रवरासंगमाच्या परिसरात, नदी ओलांडतो. टोके नेवासे तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. कायगाव गंगापूर तालुक्यात, तेव्हाच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात. १९४८ पर्यंत हा नुसता जिल्ह्यांचा फरक नव्हता. अलीकडे ब्रिटिश, आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताचा, मुलूख आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, अशी ही सरहद्द होती. मोटार नदी ओलांडून आली की चलन, पोलीस, कचेरीची भाषा आणि कायदा असे सगळेच बदलायचे.

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटार वाहन कायदा १९३९ साली झाला. त्याच्या आठव्या प्रकरणात तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाला झालेल्या इजेची जबाबदारी उचलणारा विमा, सक्तीचा केला होता. ब्रिटनने ही सक्ती १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्याने आधीच आणली होती आणि हिंदुस्थानचा कायदा त्याच वळणावर गेला. पण प्रकरण कागदावर आले तरी अंमल लगेच झाला नाही. मधे महायुद्ध आले, आणि सक्ती प्रत्यक्षात लागू झाली ती १ जुलै १९४६ रोजी. त्या दिवसापासून टोक्याच्या काठावर विम्याशिवाय मोटार चालवणे गुन्हा ठरला. पलीकडे कायगावात तो कायदा चालतच नव्हता, कारण हैदराबाद संस्थानाचे कायदे वेगळे होते. एकाच नदीच्या दोन काठांवरचा हा फरक पाच वर्षेसुद्धा टिकला नाही, तरी मराठवाड्यातल्या मोटारविम्याचा आरंभ समजून घ्यायला तो फार उपयोगी आहे.

संस्थानी काळात या भागात खासगी मोटारी अगदी थोड्या होत्या. सामान्य माणसाला मोटार भेटली ती बसच्या रूपात. निजामाच्या रेल्वेने १५ जून १९३२ रोजी रस्ता वाहतूक विभाग सुरू केला, २७ बसगाड्या घेऊन. सरकारी वाहतुकीला खासगी विम्याची गरज भासत नाही, ती स्वतःच्या निधीतून नुकसानभरपाई देते. आजच्या कायद्यातही राज्य परिवहन उपक्रमांना असा निधी ठेवून विम्यातून सूट घेता येते. त्यामुळे विम्याची पावती ही गोष्ट गंगापूरच्या गावांमध्ये पोचायला खासगी मालकीची वाहने यावी लागली.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर केंद्राचे अनेक कायदे पूर्वीच्या संस्थानी राज्यांना एकदम लागू करण्यासाठी १९५१ चा 'ब' वर्ग राज्ये कायदा आला. तो १ एप्रिल १९५१ पासून अमलात आला, आणि त्याच्या यादीत मोटार वाहन कायदाही होता. नदीच्या दोन्ही काठांवर एकच कायदा आला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५६ सालीच मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. दिवाणी कोर्टाच्या मोठ्या न्यायालयीन शुल्काशिवाय आणि वर्षानुवर्षांच्या तारखांशिवाय भरपाई मागता येणे, हा विम्याच्या सक्तीला खरा अर्थ देणारा बदल होता. पावती खिशात असून तिच्यावर पैसे मिळत नसतील तर सक्तीचा उपयोग काय?

त्या काळात विमा विकणाऱ्या कंपन्या खासगी होत्या. सर दोराबजी टाटांनी १९१९ साली मुंबईत स्थापलेली न्यू इंडिया अॅश्युरन्स त्यातली मोठी. १९६८ च्या दुरुस्तीने हप्त्याचे दर ठरवणारी टॅरिफ सल्लागार समिती आली. हप्ता आधी कंपनीकडे पोचल्याशिवाय जोखीम सुरू होणार नाही, हा नियमही त्याच दुरुस्तीतला. उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठेत हा नियम जड गेला असला तरी त्याने एजंटच्या तोंडी आश्वासनापेक्षा पावतीला वजन दिले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १०७ कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर सगळीकडे एकच. स्वस्त विमा शोधायला चार कचेऱ्या फिरण्यात काही हाशील नव्हते, कारण चौघींचे दरपत्रक एकाच समितीकडून आलेले असायचे.

आज ज्या गाड्यांना 'क्लासिक' म्हणून जपले जाते त्या याच काळातल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, उत्तरपाड्याची अॅम्बेसेडर, म्हैसूरची जावा आणि नंतरची येझ्दी, महिंद्राची जीप. गंगापूरच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे नाव बजाजचे. औरंगाबाद-नगर रस्त्यावरचे वाळूज हे गाव गंगापूर तालुक्यातले, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. ज्या तालुक्यात शेतमजूर बैलगाडीने बाजाराला जात होते त्याच तालुक्यातून दुचाक्या देशभर जाऊ लागल्या. १९८६ मध्ये बजाजची एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने बनवलेली केबी १०० बाजारात आली. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेली एम-८० हे मराठवाड्याच्या रस्त्यांवरचे ओळखीचे दृश्य झाले.

परवाना-कोटा राजच्या काळात गाडीच्या किमतीचा हिशेब उलटा चालायचा. बजाजच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असे, आणि हातातली वापरलेली स्कूटर नव्याच्या सरकारी किमतीपेक्षा जास्त पैशाला विकली जाई. विम्यात तेव्हा गाडीची रक्कम मालकाने सांगितलेल्या अंदाजावर लिहिली जायची. मालक जास्त अंदाज सांगून हप्ता भरायचा, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअर बाजारभाव दाखवून रक्कम कमी करायचा. कमी अंदाज सांगितला की भरपाईही त्या रकमेच्या पुढे जात नसे. जुन्या गाडीच्या विम्यातली तक्रार हप्त्याबद्दल क्वचित आणि किमतीबद्दल जवळजवळ नेहमी, ही परंपरा इथून सुरू होते.

नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. तिसऱ्या पक्षाच्या मृत्यू-इजेची जबाबदारी त्याने अमर्याद ठेवली, मालमत्तेच्या नुकसानीची किमान मर्यादा ६,००० रुपये ठेवली. नोंदणीची मुदत पंधरा वर्षे ठरली. गावच्या भाषेत 'पासिंग संपणे' ही गोष्ट त्यातून आली. त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी. औरंगाबादच्या गाड्यांवर एमएच-२० ही खूण चढली. तरुणांसाठी कायद्याने वयाची रेषा आखली : सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी, बाकी खासगी वाहने अठराव्या वर्षी. एम-८० चे इंजिन सुमारे ७४ सीसीचे होते. म्हणजे शाळकरी मुलाने वडिलांची एम-८० काढून लासूर स्टेशनच्या बाजाराला जाणे बेकायदेशीर होते, आणि ते तर रोज घडत होते. विम्याच्या करारात वैध परवानाधारक चालक ही अट असल्याने अशा वेळी गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम बुडायचा. तिसऱ्या पक्षाचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वरणसिंग खटल्यात सोडवला : परवान्यात खोट असली तरी बळी पडलेल्याला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि योग्य प्रकरणात मालकाकडून वसूल करावेत. तरुणाच्या हाती गाडी देणाऱ्या घराला हा निकाल माहीत असायला हवा, कारण वसुली शेवटी शेतावर येऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी तरतूद केली.

जुन्या गाडीच्या विम्याचे आजचे गणित प्रामुख्याने २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आले. हे दरपत्रक नीट पाहण्यासारखे आहे, कारण त्यात गंगापूरसारख्या ठिकाणाला थोडा फायदा मुळातच होता. देश दोन विभागांत वाटला होता. अ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे. बाकी सारा देश ब विभागात. औरंगाबाद जिल्हा ब मध्ये. १,००० ते १,५०० सीसीची आणि दहा वर्षांहून जुनी खासगी मोटार असेल तर गाडीच्या नुकसानीचा मूळ दर ब विभागात किमतीच्या ३.४३० टक्के आणि अ विभागात ३.५२९ टक्के. ४०,००० रुपये किमतीच्या फियाटला गंगापुरात १,३७२ रुपये आणि पुण्यात सुमारे १,४१२ रुपये. फरक चाळीस रुपयांचा. नवी मोटार असती तर ब विभागातला दर ३.१९१ टक्के. म्हणजे गाडी म्हातारी झाली म्हणून दर फार वाढत नव्हता. किंमत मात्र झपाट्याने उतरत होती, म्हणून हप्ता कमी दिसत होता. चालकाच्या वयानुसार वेगळा दर या कोष्टकात कुठेच नव्हता.

स्वस्ताईची खरी किंमत क्लेमच्या वेळी कळायची. टॅरिफने मालकाच्या अंदाजाऐवजी ठरावीक घसाऱ्याने काढलेली विमा रक्कम आणली. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षाच्या आत १५, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांपुढच्या गाड्यांसाठी कोष्टक नाही. कंपनी आणि मालकाने बोलून ठरवायचे. बोलून ठरवण्यात कोणाचा आवाज मोठा असतो हे सांगायला नको. त्यावर सुट्या भागांचा घसारा वेगळा : रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर निम्मी कपात, आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे फियाटचा मडगार्ड आणि दरवाजा नवा बसवला तर पत्र्याचे अर्धे पैसे मालकाचेच. आणि दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. ४०,००० रुपयांच्या गाडीत ही रेषा ३०,००० वर येते, आणि एका मोठ्या धडकेत तेवढे बिल सहज होते. जपलेली गाडी मग भंगाराच्या हिशेबात जाते. याच कारणाने जुन्या गाडीचे बहुसंख्य मालक फुल इन्शुरन्स सोडून फक्त थर्ड पार्टी काढत आले. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. दरपत्रकातल्या आकड्यांशी तो जुळतो.

याला अपवाद एकच : व्हिंटेज मोटार. १९४० अखेरपर्यंत बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडी असेल तर तिची किंमत करारात आधीच ठरवून घेता येई, घसारा न लावता पूर्ण रक्कम मिळे आणि नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट मिळे. संस्थानिकांच्या गॅरेजमधल्या गाड्यांसाठी ही सोय ठीक होती. १९६५ ची फियाट किंवा १९८७ ची चेतक तिच्यात बसत नव्हती, आणि मराठवाड्यातल्या घरांमधल्या जुन्या गाड्या बहुतेक अशाच आहेत.

तरुण मालकाला या टॅरिफमधली दुसरी एक तरतूद जास्त उपयोगी पडली. क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, पण ती गाडीची नसते, माणसाची असते. वडिलांनी हयातीत गाडी मुलाच्या नावावर केली तर मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. वडिलांच्या निधनानंतर गाडी पत्नी, मुले किंवा आईवडिलांकडे आली तर मात्र बोनसही त्यांच्याकडे येतो. पॉलिसीही लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मूळ मुदत, यातले जे आधी येईल तोवर ती चालू राहते, आणि त्या अवधीत वारसाने ती आपल्या नावे करून घ्यायची असते. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला तलाठ्याकडे जाणारी घरे आरसी बुकाकडे दुर्लक्ष करतात, आणि मग गाडी वर्षानुवर्षे दिवंगत माणसाच्या नावावर फिरते. अशा गाडीच्या अपघातात दुरुस्तीचा क्लेम अडकतो. विकत घेतलेल्या गाडीचेही तसेच : तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते, पण गाडीच्या नुकसानीचा विमा अर्ज केल्याशिवाय येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच हे स्पष्ट केले होते.

तरुणांच्या दुचाकीबाबत २००६ चा एक निकाल तितकाच महत्त्वाचा आहे. केवळ कायद्यापुरत्या थर्ड पार्टी विम्यात मागे बसलेल्या माणसाची भरपाई येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. डबलसीट फिरणे हा कॉलेजच्या वयाचा स्वभावच. सर्वांत स्वस्त पावती घेतली तर मागच्या मित्राला त्या पावतीचा आधार नसतो. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा ६,००० वर आणून मोटारीच्या हप्त्यात १०० आणि दुचाकीच्या हप्त्यात ५० रुपये वाचवण्याची सोयही टॅरिफमध्ये होती. तेवढ्या बचतीसाठी दुसऱ्याच्या नव्या मोटारीचे बिल अंगावर घेणे शहाणपणाचे नाही.

१९९९ च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले. स्कूटरवाल्या बजाज समूहाने जर्मन कंपनीबरोबर काढलेल्या बजाज अलियान्झला २००१ मध्ये परवाना मिळाला. वाळूजमध्ये दुचाकी बनवणाऱ्या समूहाचीच विमा कंपनी त्या दुचाकीची पावती फाडू लागली. १ जानेवारी २००७ पासून गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, आणि कंपन्यांना स्वतःचे निकष लावता येऊ लागले. स्पर्धेने नव्या गाड्यांचे हप्ते उतरले. जुन्या गाड्यांच्या वाट्याला मात्र नकार जास्त आले, कारण मुक्त बाजारात कंपनीला जी जोखीम नको ती ती टाळते. तिसऱ्या पक्षाचे दर सरकारी नियंत्रणाखालीच राहिले, आणि म्हणून जुन्या गाडीवाल्याला निदान तो विमा ठरल्या भावात मिळत राहिला.

१ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ३,४१६ रुपये, त्यावरच्या गाडीचा ७,८९७ रुपये. १,०८९ सीसीची पद्मिनी आणि १,४८९ सीसीची जुनी पेट्रोल अॅम्बेसेडर पहिल्या गटात बसतात. १,८१७ सीसीची अॅम्बेसेडर आणि डिझेल जीप दुसऱ्यात. १४५ सीसीच्या चेतकला ७१४ रुपये, २५० सीसीच्या येझ्दीला १,३६६. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख झाली आणि त्याचा हप्ताही वाढला. पण जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रपणे एकदाच घेता येतो, त्यामुळे घरात तीन गाड्या एकाच्या नावावर असतील तर तीनदा भरावा लागत नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नवे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात येते. त्यामुळे १९४० ची रेषा मागे पडली आणि फियाट, जावा, सुरुवातीच्या चेतक यांना पहिल्यांदा दार उघडले. नव्या नोंदणीला व्हीए ही खूण, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पुढची पुनर्नोंदणी ५,००० रुपयांत. अट अशी की गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी हप्ता निम्मा. पद्मिनीच्या गटात वर्षाला १,७०८ रुपये वाचतात, म्हणजे नोंदणीचे २०,००० भरून निघायला जवळजवळ बारा वर्षे लागतात आणि नोंदणीची मुदत दहाच वर्षांची. केवळ हप्ता वाचवण्यासाठी ही वाट परवडत नाही. गाडी जपायची आहे, प्रदर्शनात न्यायची आहे, त्याच्यासाठीच ती आहे. लासूरहून गंगापूरला रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलाने साधी नोंदणी ठेवावी, पासिंग वेळेवर करावे आणि पॉलिसीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. खंड नव्वद दिवसांवर गेला की बोनस जातो, आणि फुल इन्शुरन्स परत घेताना गाडी तपासणीला न्यावी लागते.

जुलै २०२२ मध्ये विमा नियामकाने किती चालवता आणि कसे चालवता यावर हप्ता ठरवणाऱ्या जोडसोयींना परवानगी दिली. त्यामुळे चालक भारतीय मोटारविम्याच्या हिशेबात थेट आला. सणासुदीलाच बाहेर निघणाऱ्या जुन्या गाडीला ही कल्पना शोभणारी आहे. परंतु ती गाडीच्या नुकसानीच्या विम्याला जोडलेली असते, नुसत्या थर्ड पार्टीला नाही, आणि किलोमीटर मोजण्यासाठी चालू मीटर किंवा गाडीत बसवलेले यंत्र लागते. चाळीस वर्षांच्या फियाटचा मीटर पुष्कळदा कुठल्यातरी जुन्या आकड्यावर थांबलेला असतो.